जाता-येता बी.ए.

जेवणं उरकली होती. अक्काच्या घरी पुरणपोळीच्या सुस्तीत सगळे जागा मिळेल तिथं लवंडले होते. कुणाच्या हातात ताकाचं भांडं, कुणाच्या हातात मोबाइल. भाचीला सरकारी मेडिकल कॉलेज मिळालं म्हणून हे जेवण. लातूरमध्ये ज्या घरात नीटची रँक येते त्या घरात दिवाळीला थांबायची पद्धत नाही. खिडकीतून दुपारची झळ येत होती, पंखा गरम हवाच फिरवत होता, आणि तेवढ्यात ती म्हणाली, “मला सोबत बी.ए. पण करायचंय.” तिच्या आजीला वाटलं, मेडिकल रद्द झालं. ते समजावून सांगण्यात थोडा वेळ गेला. मग एका काकांनी विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का. अक्का माझ्याकडे बघायला लागली, जणू हे खूळ मीच पेरलंय. दाजींनी मात्र नेहमीसारखा हात हलवला आणि म्हणाले, “करू दे की. बी.ए. काय, जाता-येता होईल.”

दाजींच्या मनात वाईट काही नव्हतं. खरं तर सगळ्या घरात तिची बाजू घेणारे ते एकटेच. मी सोलापूरच्या एका सीनियर कॉलेजात बी.ए.च्या मुलांना इतिहास शिकवते, आणि मगाशी माझ्या पानात आग्रहानं तुपाची धार त्यांनीच धरली होती. या दोन गोष्टींचा त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काही संबंध नव्हता, इतकंच. सगळे हसले, मीही हसले.

एसटी तुळजापूर सोडून घाट उतरली तरी ते वाक्य काही उतरेना.

त्यानंतर भाचीचे रात्री फोन सुरू झाले. ही पोरगी नीटच्या तयारीत वाढलेली आहे. स्वप्नसुद्धा वेळापत्रकात मांडून बघते. तिनं आधी नियम शोधले. एका वेळी दोन पदव्या करायला आपल्याकडे २०२२ पर्यंत सरळ परवानगी नव्हती. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ती दिली: दोन्ही वर्ग प्रत्यक्ष भरणारे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, नाहीतर एक नियमित आणि दुसरी दूरस्थ किंवा ऑनलाइन. ज्या शाखांना स्वतःची परिषद आहे, तिथं त्या परिषदेचे नियमही लागू. मेडिकलला हजेरीच थिअरीत ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते, तेव्हा दुसऱ्या कॉलेजात जाऊन बसायचा प्रश्नच मिटला. उरलं दूरस्थ. कॉलेजच्या ऑफिसात तिनं विचारलं तर टेबलापलीकडच्या माणसानं तिचे मूळ कागद फाईलला लावता लावता सांगितलं, “असलं काही आमच्याकडं नसतं.” नसतं म्हणजे मनाई आहे की आजवर कुणी विचारलेलं नाही, हे तिनं पुन्हा विचारलं. तो म्हणाला, पुढचा या. तिनं आता लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. एवढी कागदपत्री हुशारी आमच्या पिढीत नव्हती.

मग तासांचा हिशोब. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकाला साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे ३६०० तास. एमबीबीएस साडेचार वर्षं, वर एक वर्ष इंटर्नशिप. इग्नूत, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठात, तीन वर्षांचं बी.ए. सहा वर्षांपर्यंत लांबवता येतं. ३६०० भागिले सहा, वर्षाला ६००, आठवड्याला साडेअकरा तास. “मावशी, रील्स बघण्यात याहून जास्त जातात,” ती म्हणाली. गणित बरोबर होतं. मी एवढंच म्हटलं की आठवडे सारखे नसतात. तर तिच्याकडे त्याचंही उत्तर तयार होतं, सीनियर्सकडून मिळवलेलं. पहिल्या वर्षी अॅनाटॉमी माणसाला चिरडते, तेव्हा बी.ए.चे एक-दोनच पेपर. दुसऱ्या वर्षाला मेडिकलची पोरं हनिमून म्हणतात, तेव्हा जास्तीत जास्त पेपर उडवायचे. तिसऱ्याच्या पहिल्या भागात थोडे. शेवटचा भाग दीड वर्षाचा, त्यात काहीच नाही. इंटर्नशिपमध्ये राहिलेलं गोळा करायचं. मी विचारलं, इंटर्नशिपमध्ये तर सगळे पीजी प्रवेशाच्या एमसीक्यूत बुडालेले असतात ना? पलीकडे थोडी शांतता. “ते बघू तेव्हा.”

एक गंमत माझ्या लक्षात आली. तिला डॉक्टर करणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे, दिंडोरी रोडला. मराठीतून घरबसल्या बी.ए. देणारं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही नाशिकलाच, गंगापूर धरणाच्या बाजूला. एकाच गावाच्या दोन टोकांना दोन कचेऱ्या, आणि मध्ये ही पोरगी.

घरातल्या मंडळींचा खरा मुद्दा वेगळाच होता, आणि तो वाईट नव्हता. त्या काकांनीच व्हॉट्सअॅपवर लिहिलं, “लागूंनी बी.ए. केलं होतं का? आगाशेंनी? जब्बार पटेलांनी?” तिघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे. एक कान-नाक-घशाचे सर्जन, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक बालरोगतज्ज्ञ. कुणाच्या नावापुढे कलेची पदवी नाही, आणि मराठी रंगभूमीचा निम्मा इतिहास त्यांना वगळून शिकवता येणार नाही. अंगात असेल तर येतंच, असं काकांचं म्हणणं. मी त्यावर बरेच दिवस विचार केला, कारण अर्धं मला पटत होतं. पदवीनं कुणी नट झाल्याचं किंवा कवी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट, पदवीमुळे कवितेचा धसका घेतलेली मुलं मी दरवर्षी बघते. पण अंगात असलेलं बाहेर यायला भोवती काही असावं लागतं, ते काका विसरत होते. त्या काळात बी. जे. आणि शहरातली आर्ट्स कॉलेजं एकाच पुणे विद्यापीठाची होती. डॉक्टर होणाऱ्याच्या आणि मराठीत बी.ए. होणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर एकच शिक्का. आरोग्य विद्यापीठ वेगळं निघालं १९९८ मध्ये, आणि कारभाराच्या दृष्टीनं ते सोयीचंच असेल. कॉलेजांच्या एकांकिकांचा पुरुषोत्तम करंडक अजून भरत नाट्यलाच होतो, मेडिकलची मुलं अजून त्यात उतरतात. ती दारं बंद झालेली नाहीत. पण तिथवर पोचेपर्यंत आपण त्या मुलांचं काय करून ठेवलेलं असतं, ते आमच्या घरातच बघा. हिनं अकरावीला मराठी सोडून आयटी घेतलं. का, तर मार्क पडतात. दहावीपर्यंत मराठी सक्तीचं, त्याच्या पुढं सोय बघायची. कॉलेज फक्त नावाला, दिवसभर क्लास. अकरावी-बारावीच्या त्या दोन वर्षांत तिनं पाठ्यक्रमाबाहेरचं एकही पुस्तक उघडलं नाही; उघडलेलं दिसलं असतं तर अक्कानंच ते कपाटात टाकलं असतं. आता सतराव्या वर्षी आपला एक हात बांधून ठेवलाय हे तिला कळतंय आणि ती बी.ए.चा फॉर्म मागतेय. ती नटी व्हायला निघालेली नाही. तिला वाचायचंय, आणि वाचणं हे काम म्हणून करायला घरानं मुभा द्यावी एवढ्यासाठी तिला एक अधिकृत कागद पाहिजे. आमच्याकडे परीक्षेच्या अभ्यासातून कुणाला उठवत नाहीत.

पूर्वीची माणसं पुढं केली की मलाही माझी माणसं आठवतात. भाऊ दाजी लाड गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं १८४५ मध्ये, त्याच्या पहिल्या तुकडीतून ते १८५१ मध्ये बाहेर पडले. दवाखाना चालवला, महारोगावर औषध शोधत राहिले, आणि त्याच हातांनी अजिंठ्याचे शिलालेख वाचले. राणीच्या बागेतल्या त्यांच्या नावाच्या संग्रहालयात शाळेच्या सहली जातात, पाटीवरचं नाव वाचतात आणि पुढं प्राणी बघायला पळतात. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं विचारतात, मॅडम, ते नक्की कोण होते, डॉक्टर का इतिहासकार? मी म्हणते, तेव्हा हा प्रश्न विचारायची गरज पडली नव्हती.

माझा वर्गही बघण्यासारखा असतो. पुढच्या बाकावर दोन मुली, ज्यांचं लग्न ठरेपर्यंत शिक्षण चालू आहे. मागं एक जण रात्रपाळी करून येतो, पंधराव्या मिनिटाला त्याचे डोळे मिटतात, मी आवाज थोडा खाली आणते. निम्मी मुलं सायन्स झेपलं नाही म्हणून, उरलेल्यांतली बरीच एमपीएससीला सोपं पडतं म्हणून. आणि दरवर्षी या गर्दीत एक-दोन अशी येतात की त्यांच्या प्रश्नांनी मला रात्री पुस्तकं काढावी लागतात. ही मुलं सायन्सच्या रांगेत उभी राहिली असती तर कुठंही पोचली असती. ती इथं आली याचं त्यांच्या घरात कुणी जेवण घातलेलं नाही. स्टाफरूममध्ये भाचीचा विषय काढला तर मराठीच्या आमच्या सहकारी बाई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “म्हणजे ताटात भात मेडिकलचा, आणि आपण लोणचं. डावीकडं.” सगळ्या हसलो. मग त्या म्हणाल्या, “तिला झेपेल का, हे सगळे विचारतायत. बी.ए.ला ती किती देणार, हे कुणी विचारलं का?”

मी विचारलं नव्हतं. तोवर मीही साडेअकरा तासांच्या हिशोबातच अडकले होते.

त्या रात्री मला आमच्या गल्लीतले डॉक्टर आठवले. साखर पेठेच्या कडेला लहानसा दवाखाना, हिरवा पडदा, स्पिरिटचा वास, आणि कंपाउंडरच्या खिडकीत लाल औषधाच्या बाटल्या. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असायची, एका दातापर्यंत एक डोस. बाकावर गिरणीतली माणसं, विड्या वळणाऱ्या बायका, मांडीवर पोरं. अर्धा बाक तेलुगूत कण्हायचा, काही कानडीत, काही उर्दूत. डॉक्टर सगळ्यांशी मोडकंतोडकं त्यांच्याच भाषेत बोलायचे. माझे आजोबा एका मिलमध्ये होते. त्यांना दम लागायचा तेव्हा मी बोट धरून सोबत जायची. डॉक्टर नळी छातीला लावायच्या आधी विचारायचे, “सध्या कुठल्या खात्यात? साच्यावर का कापूस पिंजतात तिकडं?” मग दुसरा प्रश्न: “सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त भरतं का?” आजोबा चकित व्हायचे. ह्याला कसं ठाऊक? पुष्कळ वर्षांनी कळलं की कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या रोगाची ती खूणच आहे. बिसिनोसिस. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळते. हे वैद्यकाच्या पुस्तकातच आहे, म्हणजे डॉक्टरांनी काही जादू केली नव्हती. पण गिरणीत खाती किती, कुठल्या खात्यात धूळ उडते, कुठल्या खात्यात कोण लोक लावले जातात, हे त्या पुस्तकात नसतं. ते त्यांनी कुठून मिळवलं असेल? बहुतेक बाकावरून, विचारून विचारून. संध्याकाळी दवाखाना मिटला की ते पेटी घेऊन बसायचे आणि बेसूर गायचे. ते गाणं सोसायला मात्र गल्लीत सगळ्यांची तयारी होती.

भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, “ते आता आम्हाला शिकवतात, मावशी.” खरंच शिकवतात. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात एटकॉम नावाचा भाग आहे: वृत्ती, नीती आणि संवाद. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषाही येते, म्हणजे ऑल इंडिया कोट्यातून आलेलं केरळचं पोरगं ‘कुठं दुखतंय’ म्हणायला शिकतं. चांगलंच आहे. तिच्या एका सीनियरनं सांगितलं की एटकॉमच्या तासाला सगळे हजेरीसाठी बसतात आणि मांडीवर फिजिऑलॉजी उघडलेली असते. मला राग आला नाही. माझ्याही तासाला मांडीवर काय काय उघडलेलं असतं. पण संवाद हा एक भाग म्हणून शिकवणं आणि माणसांची गोष्ट वर्षानुवर्षं वाचत राहणं, यात फरक आहे असं मला वाटतं. तो तिला पटवायला मी प्लेग काढला.

तिसऱ्या वर्षी तिला पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय, असेल. त्यात १८९७ चा साथरोग कायदा येईल, विलगीकरण येईल, हाफकिनची लस येईल. ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार झालेली, आणि १० जानेवारी १८९७ ला त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतलेली. तोच कायदा २०२० च्या मार्चमध्ये आपल्या डोक्यावर आला, तेव्हा ती शाळेत होती, घरात कोंडलेली. हे सगळं बरोबर आणि आवश्यक. आता तीच वर्षं माझ्या पेपरात बघायची. ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. लोकांची समजूत होती की तिथं नेलेला माणूस परत येत नाही. ते इस्पितळ म्हणजे आजचं कस्तुरबा, जिथं मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण ठेवले. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना उभं करून तपासायचे. प्लेगची गाठ काखेत येते, जांघेत येते. म्हणजे डॉक्टरला बघायचं ते तिथंच. पीएसएमच्या नजरेनं यात चूक काही नाही, गाठ जिथं येते तिथंच बघणार. पण ती बाई फलाटावर उभी आहे, भोवती माणसं आहेत, तपासणारा परका पुरुष आहे, आणि तिला कुणी काही विचारलेलं नाही. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत, देवघरापर्यंत घुसले. पुढं जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय झालं ते आपल्याला पाचवीपासून पाठ असतं. पाठ असतं ते पिस्तुलाचं. फलाटावरच्या त्या बाईवर मी दरवर्षी एक आख्खा तास घालवते, आणि परीक्षेत तिच्यावर कधीच प्रश्न येत नाही.

“म्हणजे डॉक्टर चुकले?” तिनं विचारलं. मी म्हटलं, तुला नक्की काय म्हणायचंय चुकले म्हणजे? रोग ओळखण्यात की विचारण्यात? आणि विचारत बसले असते तर साथ आटोक्यात आली असती का? मला याचं उत्तर येत नाही. कोविडमध्ये आमच्या गल्लीत माणसं घरातून उचलून न्यायला गाडी यायची तेव्हा मी खिडकीत उभी राहून न्यावं म्हणून मनात घाई करत होते, आणि संध्याकाळी ऑनलाइन वर्गात रँडच्या प्लेग कमिटीवर टिपणं देत होते. हे दोन्ही मीच. तिला सांगितलं, तुला हे दोन्ही एकाच डोक्यात ठेवता आलं तर बी.ए.चा उपयोग. नाही ठेवता आलं तर ३६०० तास रील्स बघितलेल्या परवडल्या.

तिनं परदेशचंही शोधलं होतं. ब्रिटनमध्ये मेडिकलची मुलं मध्येच एक वर्ष थांबून दुसऱ्या विषयाची पदवी घेतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायनं १९८७ पासून साहित्य, इतिहास शिकणाऱ्या मुलांना नेहमीची प्रवेश परीक्षा न घेता मेडिकलला घेतलं. “बघ, तिकडं असतं,” ती म्हणाली. मी म्हटलं, तिकडं फी पण असते. आमच्याकडे मध्ये एक वर्ष थांबलं की शेजारी विचारतात, नापास झाली का.

शेवटी विषय निवडायची वेळ आली, आणि मी गृहीत धरून चालले होते की इतिहास. माझ्या कपाटातली पुस्तकंसुद्धा वेगळी काढून ठेवली. तिनं फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, “मावशी, तत्त्वज्ञान.” तत्त्वज्ञान म्हणजे इग्नू, आणि इग्नूची पुस्तकं इंग्रजीत नाहीतर हिंदीत. मी लगेच मराठीचा मुद्दा काढला. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं आपल्या भाषेत असतात, तुटलेला धागा तिथं सांधता येईल, वगैरे. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, प्लेगच्या गोष्टीनंतर जो प्रश्न राहिला तो तुझ्या विषयात सुटत नाही, तूच म्हणालीस. पोरगी नीट ऐकत होती तर. थोडं लागलं मला, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. घासाघीस करून इतिहासाचे काही पेपर मात्र मी पदरात पाडून घेतलेत.

आता तिचं म्हणणं आहे की असाइनमेंट पाठवायच्या आधी मी तपासून द्याव्यात. मी नाही म्हणून सांगितलं. ती रुसली, अक्काचा फोन आला, दाजींनीही मध्ये पडून बघितलं. पण तिकडं तपासायला माणसं नेमलेली असतात आणि त्यांना त्याचे पैसे मिळतात. तिनं लिहावं, चुकावं, मार्क जाऊ द्यावेत. मेडिकलची मुलगी आहे, एवढं करते हेच खूप, म्हणून कुणी तिला पास केलं तर मी स्वतः त्या केंद्रावर जाऊन भांडेन, आणि त्या दिवशी माझी रजा शिल्लक असेल की नाही हेही बघणार नाही.